हाड मोडलं, पण लक्ष बोटांकडे ठेवा

ऑर्थो, म्हणजे हाडांच्या वॉर्डात पोस्टिंग लागली की नर्सिंगच्या बहुतेक विद्यार्थिनी आधी एक्स-रे बघायला धावतात. साहजिकच आहे. मोडलेलं हाड काळ्या फिल्मवर लख्ख दिसतं, त्याला नाव देता येतं, आणि फ्रॅक्चरचे प्रकार परीक्षेत हमखास येतात. पण हाड कुठे मोडलंय ते ठरवणं डॉक्टरांचं काम आणि ते बसवणं सर्जनचं. नर्सच्या वाट्याला येतं ते एक्स-रेत न दिसणारं. हाडाला खेटून जाणारी रक्तवाहिनी, तिच्या शेजारचा मज्जातंतू, भोवतीचा स्नायू आणि आत साचत चाललेलं रक्त. साधं मोडलेलं हाड दोन दिवस उशिरा बसवलं तरी बहुतेक वेळा सांधतं, पण रक्तपुरवठा तुटलेल्या स्नायूला सहा-आठ तासांपलीकडे मुदत नसते. म्हणून हा सगळा विषय मी त्या बाजूने मांडणार आहे. फ्रॅक्चरच्या प्रकारांची जंत्री तुमच्या नोट्समध्ये आहेच.

आपल्या बेळगाव भागात दुखापतींनाही हंगाम असतो. पावसाळ्यात भाताच्या बांधावरून घसरून मनगट मोडलेल्या बायका येतात. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की चिकोडी, अथणी, रायबागच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या लागतात, आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर रात्री दुचाकी आदळते. निपाणी, संकेश्वर, बेळगाव असा महामार्ग तर बारमाही. खानापूरकडे फणसाच्या नाहीतर आंब्याच्या झाडावरून पडलेले, उद्यमबागेच्या कारखान्यांत पायावर ओतीव लोखंड पडलेले, तालमीत खांदा निखळलेले. वडगाव-शहापुरात मागावर आयुष्य काढलेल्यांची कंबर आणि निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांची मान, हे दुखणं अपघाताचं नाही, पण याच वॉर्डाच्या ओपीडीत येतं.

त्यामुळे ‘काय झालं?’ यापेक्षा ‘कसं पडलात?’ हा प्रश्न जास्त कामाचा. झाडावरून पडून जो टाचांवर आपटला, त्याच्या टाचेचं हाड मोडलं असेल तर कमरेच्या मणक्याचीही चौकशी करा, कारण सगळा धक्का पायातून वर जातो. तो टाचेच्या वेदनेने इतका हैराण असतो की कंबरेचं स्वतःहून सांगत नाही. अशा माणसाला चौघांनी हातापायाला धरून उचलायचं नाही. डोकं, मान, धड एका रेषेत ठेवून, एकाच्या हुकमावर सगळ्यांनी मिळून वळवायचं. गाडीत पुढे बसलेल्याचा गुडघा डॅशबोर्डवर आदळला असेल तर खुब्याचा सांधा मागे निखळलेला असू शकतो. पाय आखूड, गुडघा आत वळलेला. हा सांधा सहा तासांच्या आत बसवण्याची धडपड असते, नाहीतर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा जाऊन ते पुढे झिजून कोसळतं. आणि हात टेकून पडलेल्या तरुण पोराच्या अंगठ्यामागच्या खळग्यात दाबल्यावर दुखलं, तर पहिला एक्स-रे चांगला आला म्हणून त्याला लचक समजून घरी पाठवू नका. स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाची चीर कधी कधी दहा-बारा दिवसांनी काढलेल्या दुसऱ्या एक्स-रेतच दिसते.

हाडातून रक्त जातं

प्रौढ माणसाच्या अंगात 206 हाडं. ती आपल्याला कोरडी, टणक वाटतात, कारण शाळेतला सापळा कोरडा होता. जिवंत हाड ओलं असतं. कोलॅजेनच्या धाग्यांमध्ये कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक बसलेले, आत रक्त तयार करणारी मज्जा, बाहेर पेरिऑस्टियमचं पातळ आवरण. या आवरणात वेदनेचे तंतू दाट असतात, म्हणून हाड मोडल्यावर जरा हललं तरी माणूस किंचाळतो, आणि फळी लावून ते स्थिर केलं की कुठल्याही इंजेक्शनाआधी निम्मं दुखणं उतरतं.

हाडाला भरपूर रक्त मिळतं म्हणूनच ते मोडल्यावर वाहतंही भरपूर. मांडीचं हाड मोडलं, कातडी फाटली नाही, तरी आतल्या आत 1 ते 1.5 लिटर रक्त जाऊ शकतं. नडगीत अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त, ओटीपोटाच्या कड्यात दोन लिटरच्याही वर. साठ किलोच्या माणसाच्या अंगात एकूण रक्त सव्वाचार लिटरच्या आसपास. आता हिशेब करा. नातेवाईक सांगतात, ‘मुका मार आहे सिस्टर, रक्त काय आलं नाही.’ रक्त आलंय, फक्त मांडीत साठलंय. अशा रुग्णाचा रक्तदाब बराच वेळ ठीक दिसतो, कारण शरीर नाडी वाढवून आणि हातापायाच्या वाहिन्या आवळून तो टिकवून धरतं. नाडी 88 वरून 112 वर गेली, हात गार पडले, लघवी कमी झाली, तरुण माणूस उगीचच बेचैन झाला, की बीपी पडायची वाट बघायची नाही. मांडीचा घेर टेपने मोजून कातडीवर पेनाने खूण करा, पुढच्या वेळी त्याच खुणेवर मोजा. या कामाला पाच पैसेही लागत नाहीत, पण ते फार कमी ठिकाणी होतं.

हेच साठलेलं रक्त पुढे उपयोगी पडतं. मोडलेल्या जागी त्याची गाठ बनते, काही दिवस सूज आणि दाह राहतो, मग दोन-तीन आठवड्यांत मऊ कूर्चेसारखा जोड तयार होतो, त्याचं पुढे कच्चं हाड होतं आणि मग महिनेच्या महिने त्याला आकार येत राहतो. मोठ्या माणसाच्या हाताला साधारण सहा आठवडे, पायाच्या लांब हाडांना बारा किंवा जास्त. लहान मुलांचं निम्म्या वेळात जुळतं. या सगळ्याला रक्तपुरवठा लागतो आणि निकोटीन वाहिन्या आकसवतं. म्हणून तंबाखूची चौकशी बिडी-सिगारेटवर थांबवू नका. आपल्याकडे कितीतरी आज्या आणि मावश्या रोज सकाळी मिश्री लावतात आणि ‘तंबाखू खाता का?’ याला मनापासून ‘नाही’ म्हणतात. मिश्रीचं वेगळं विचारावं लागतं.

उघडी जखम

फ्रॅक्चरचे प्रकार एका दमात सांगतो: आडवं, तिरकं, पिळवटलेलं, तुकडे तुकडे झालेलं, मुलांमधलं अर्धवट तडकून वाकणारं ग्रीनस्टिक, मणक्यात दबणारं, आणि आधीच रोगाने पोखरलेलं हाड किरकोळ धक्क्याने मोडतं ते पॅथॉलॉजिकल. नर्सिंगच्या दृष्टीने मात्र खरी रेघ एकच आहे. हाडाचा बाहेरच्या हवेशी संबंध आला की नाही?

मोडलेल्या जागेजवळ कातडीवर जखम असेल, अगदी चण्याएवढी आणि तीतून थोडंसंच काळपट रक्त झिरपत असेल, तरी सिद्ध होईपर्यंत ते उघडं फ्रॅक्चर समजायचं. हाडाचं टोक बाहेर येऊन परत आत गेलेलं असू शकतं. गस्टिलो आणि अँडरसन यांनी 1976 मध्ये केलेली वर्गवारी आजही केसपेपरवर दिसते. पहिला प्रकार 1 सेंटिमीटरच्या आतली स्वच्छ जखम, दुसरा 1 ते 10 सेंटिमीटर, तिसरा त्याहून मोठी किंवा फार चेंदलेली. त्यातलाही ‘सी’ म्हणजे मुख्य रक्तवाहिनी तुटलेली. शेतातली माती, शेण लागलेली जखम छोटी असली तरी गंभीर धरतात.

इथे घड्याळ बघायचं ते पहिल्या अँटिबायोटिकसाठी. शक्यतो रुग्ण आल्यापासून तासाभरात ते शिरेतून गेलेलं असावं. ऑर्डर झाली आणि औषध फार्मसीतून यायला दीड तास लागला, तर तो दीड तास जंतूंना मिळाला. सोबत धनुर्वाताची लस, आणि जखमेच्या मानाने लागल्यास इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. जखम सलाइनने भिजवलेल्या निर्जंतुक गॉजने झाका आणि परत परत उघडून दाखवू नका. बाहेर आलेलं हाड आत ढकलायचं नाही. घरून लावलेली हळद किंवा चहापूड असेल तर तीही कॅज्युअल्टीत खरवडत बसू नका, ते काम ऑपरेशन थिएटरमध्ये भरपूर पाण्याने होतं.

कडबाकुट्टीत किंवा रसाच्या चरकात बोट तुटून येतं तेव्हा तुटका भाग कसा आणावा हे गावात कुणालाच माहीत नसतं. कुणी थेट बर्फात टाकून आणतं, त्याने पेशी गोठून मरतात. ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. हे फोनवरून सांगता आलं पाहिजे.

बोटांची परीक्षा

आता मुख्य मुद्दा. प्लास्टर, फळी, ट्रॅक्शन (वजनं लावून दिलेली ओढ), ऑपरेशन काहीही झालेलं असो, दुखापतीच्या पुढच्या भागात रक्त पोचतंय का आणि मज्जातंतू चालू आहेत का, हे पहिले 24 तास साधारण दर तासाला बघायचं, नंतर वॉर्डाच्या पद्धतीप्रमाणे. आणि दर वेळी दुसऱ्या, चांगल्या हातापायाशी ताडून बघायचं. थंडीच्या दिवसांत बेळगावात सगळ्यांचेच पाय गार असतात, त्यामुळे नुसतं ‘पाय गार’ याला अर्थ नाही. एक गार आणि एक ऊब असलेला, याला अर्थ आहे.

रंग बघा, ऊब बघा. नख दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. नाडी चाचपा, आणि सूज असेल तर सापडल्याजागी पेनाने फुली मारा, म्हणजे रात्रपाळीच्या मुलीला शोधत बसावं लागत नाही. मग हालचाल. हाताचे तीन मज्जातंतू तीन खुणांत तपासता येतात. अंगठा वर करून ‘ठेंगा’ दाखवता आला तर रेडियल ठीक. अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करता आला तर मीडियन. बोटं फाकवून ती दाबाविरुद्ध धरता आली तर अल्नर. स्पर्श तपासायच्या जागाही ठरलेल्या आहेत: रेडियलसाठी हाताच्या पाठीवर अंगठ्याच्या बेचक्यात, मीडियनसाठी तर्जनीचं टोक, अल्नरसाठी करंगळीचं टोक. पायाला पाऊल आणि अंगठा वर उचलणं म्हणजे पेरोनियल, त्याचा स्पर्श पहिल्या बेचक्यात. पाऊल खाली दाबणं म्हणजे टिबियल, त्याचा स्पर्श तळव्याला.

पेरोनियल मज्जातंतू गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाच्या डोक्यावरून, अगदी कातडीखालून जातो. प्लास्टरची कड तिथे रुतली, किंवा पाय बाहेर पडून ती जागा पलंगाच्या लोखंडावर रात्रभर टेकली, की सकाळी पाऊल उचलत नाही. हाड छान जुळतं आणि माणूस पुढे महिनोन्महिने पाय आपटत चालतो. हे सर्जनच्या हातून होत नाही, वॉर्डात होतं.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे रोजचा. शेजारच्या खाटेवर कन्नड बोलणारे काका असतात आणि इकडे आपली मराठी. ‘बेरळु’ (बोट), ‘कै’ (हात), ‘कालु’ (पाय), ‘नोवु’ (दुखणं) एवढे शब्द असले तरी बाकी आपल्या हाताने करून दाखवता येतं. ‘ठीक आहे का?’ असं विचारून मान हलली की ‘नॉर्मल’ लिहायचं, एवढं मात्र कुठल्याच भाषेत चालत नाही.

कंपार्टमेंट सिंड्रोम

नडगीत आणि कोपराखालच्या हातात स्नायूंचे गट फॅशिया नावाच्या चिवट आवरणाच्या बंद कप्प्यांत, म्हणजे कंपार्टमेंटमध्ये असतात. हे आवरण ताणलं जात नाही. पोत्यात ओले हरभरे गच्च भरून तोंड शिवलं तर हरभरे फुगतात, पोतं फुगत नाही आणि सगळा दाब आत वळतो. तसंच इथे होतं. रक्त साचतं, स्नायू सुजतो, दाब वाढतो, आणि तो बारीक वाहिन्यांतल्या दाबाहून जास्त झाला की स्नायूला रक्त मिळणं थांबतं. उपाशी स्नायू आणखी सुजतो. मोठी धमनी मात्र यातून वाहतच राहते, कारण तिच्यातला दाब बराच जास्त असतो. म्हणून नाडी लागते. पाठ केलेल्या यादीत ‘नाडी न लागणे’ हे लक्षण असतं खरं, पण ते शेवटचं आहे. नाडी जायची वाट बघणारी नर्स पाय जायची वाट बघत असते.

पहिलं लक्षण वेदना, आणि तीही दुखापतीच्या हिशेबात न बसणारी. सकाळी रॉड टाकला, दुपारी बरं होतं, रात्री अकराला रुग्ण म्हणतो, ‘लई दुखायलंय सिस्टर, इंजेक्शन दिलं तरी राहीना.’ पाय दगडासारखा कडक, कातडी चकाकणारी. त्याच्या पायाची बोटं तुम्ही हळूच वर वाकवलीत की तो ओरडतो. ही बोटं वाकवून बघायची परीक्षा सगळ्यांत कामाची, आणि तिला एक पैसाही लागत नाही. त्यानंतर मुंग्या, मग बधिरपणा, मग हालचाल जाणं. लहान मुलं वेदना नीट सांगत नाहीत. ती घाबरी होतात, चिडतात आणि वेदनाशामकाचे डोस वाढत जातात. म्हणून चार्टवर दोन डोसांमधलं अंतर बघायची सवय लावा. सहा तासांचं अंतर तीन तासांवर आलं असेल तर तो रुग्ण ‘फार कुरकुरतो’ असं हँडओव्हरमध्ये सांगू नका.

करायचं काय? डॉक्टरांना लगेच बोलवा, आणि ‘दुखतंय म्हणतोय’ एवढंच न सांगता असं सांगा: ‘नडगीचं फ्रॅक्चर, आठ तासांपूर्वी रॉड, दोन डोसनंतरही वेदना वाढतेय, बोटं वाकवल्यावर जास्त, पोटरी कडक, नाडी आहे.’ तोवर बँडेज सैल करायची परवानगी घ्या. प्लास्टर असेल तर ते संपूर्ण लांबीत कापून आतला कापूसही कातडीपर्यंत उघडावा लागतो, रक्ताने भिजून वाळलेला कापूसही आवळतो. पाय हृदयाच्या पातळीला ठेवा. सूज आहे म्हणून उशांच्या राशीवर चढवलात तर रक्त आणखी कमी पोचेल. बर्फही नको. कंपार्टमेंटचा दाब आणि खालचं बीपी यांतला फरक 30 किंवा त्याहून कमी झाला की फॅशियोटॉमी, म्हणजे आवरण लांब चिरून उघडणं. ती लांबलचक उघडी जखम बघून नातेवाईक हादरतात, तेव्हा पाय वाचवण्यासाठीच ती केलीय हे तुम्हालाच समजावावं लागतं. चेंदलेल्या स्नायूनंतर लघवी चहासारखी लालसर-काळी दिसली तर तेही तातडीने कळवा. तुटलेल्या स्नायूतला मायोग्लोबिन मूत्रपिंडं बंद पाडतो आणि पोटॅशियम हृदय.

आता हाडवैद्यांबद्दल. आपल्या भागात अजूनही बरीच माणसं आधी तिकडे जातात, मग बांबूच्या कामट्या आणि लेप घेऊनच आपल्याकडे येतात. त्यांना तुच्छ लेखण्यात मला काही मोठेपणा वाटत नाही. ज्यांच्या नावाची थॉमस स्प्लिंट आपण मांडीच्या फ्रॅक्चरला लावतो, ते ह्यू ओवेन थॉमस हे वेल्समधल्या पिढीजात हाडवैद्यांच्या घरातले होते, वडीलही तेच काम करत. पहिल्या महायुद्धात त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी ती स्प्लिंट सैन्यात रुजवली आणि मांडी मोडलेल्या सैनिकांचे मृत्यू एकदम खाली आले. हात स्थिर ठेवण्याची कल्पना हाडवैद्याचीही बरोबरच आहे. घात होतो आवळण्यात. कोपराच्या वर हाड मोडलेल्या सहा वर्षांच्या पोराचा हात गच्च बांधला आणि दोन दिवस सोडला नाही, तर पुढचे स्नायू मरतात, आकसतात आणि मनगट-बोटं कायमची वाकडी होतात. रिचर्ड फॉन फोल्कमन यांनी 1881 मध्ये हे वर्णन करून ठेवलंय, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. म्हणून असा रुग्ण आला की आधी बांधलेलं सोडा, कधी बांधलं ते विचारून वेळ लिहा, बोटं तपासा. आईला झापू नका. झापलेली आई पुढच्या वेळी वैद्याकडे गेल्याचं सांगत नाही, आणि ते कळणं आपल्याला हवं असतं.

प्लास्टर आणि वजनं

प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी 1852 मध्ये आंटोनियस मातायसेन या डच लष्करी डॉक्टरांनी आणली. ती भिजवल्यावर गरम होते, रुग्णाला आधीच सांगा, नाहीतर तो घाबरतो. काही मिनिटांत घट्ट होते, पण पूर्ण वाळायला एक ते तीन दिवस लागतात. तोवर ती तळव्यांवर उचलायची, बोटांनी धरली की आत खळगे पडतात आणि त्याखाली कातडी सडते. पांघरूण टाकून झाकायची नाही. आत खाज सुटते तेव्हा विणायची सुई, पट्टी, पेन्सिल काहीही घालू नका, हे सांगितलं तरी लोक घालतातच. प्लास्टरच्या एका ठरावीक जागी आग होतेय, तिथे बाहेरूनही गरम लागतंय, वास येतोय, असं असेल तर आत जखम आहे असं समजून कळवा. मजा म्हणजे काही दिवसांनी ती आग आपोआप थांबते, आणि सगळे निर्धास्त होतात. थांबलेली असते ती संवेदना.

ट्रॅक्शनचं तत्त्व सोपं: ओढ सतत आणि एका रेषेत. वजनं लोंबकळती हवीत, जमिनीला किंवा पलंगाला टेकलेली नकोत, गाठ पुलीत अडकलेली नको. झाडूवाल्या मावशी फरशी पुसताना वजन उचलून खुर्चीवर ठेवतात आणि जातात, तेव्हा त्यांनाही दोन वाक्यांत कारण सांगा, पुढच्या वेळी त्याच तुम्हाला सांगतील. पट्टी चिकटवून लावलेल्या ट्रॅक्शनला वजन थोडंच, मोठ्या माणसाला साधारण अडीच-तीन किलो, जास्त लावलं तर कातडी सोलवटते. हाडातून पिन घातलेली असेल तर जास्त चालतं, पण मग पिनच्या तोंडाशी लाली, पू, पिनचं हलणं रोज बघायचं.

मांडी किंवा नडगी मोडलेला तरुण पहिल्या एक ते तीन दिवसांत एकाएकी धापा टाकू लागला, गोंधळून बोलू लागला, आणि छातीवर, काखेत, डोळ्यांच्या आत बारीक लाल ठिपके दिसले, तर मज्जेतली चरबी रक्तात गेली असण्याची शक्यता. ‘दारू सुटल्यामुळे बडबडतोय’ असं ठरवण्याआधी ऑक्सिजनचं प्रमाण बघा. पुढच्या दिवसांत एका पोटरीला सूज आणि ऊब आली तर गुठळीचा संशय धरा, आणि ती पोटरी चोळायची नाही, कुणालाही चोळू द्यायची नाही.

आजीचा खुबा

न्हाणीघरात घसरलेली सत्तरीची आजी, एक पाय आखूड आणि पाऊल बाहेरच्या बाजूला पडलेलं. हे खुब्याचं फ्रॅक्चर एक्स-रेआधीच ओळखता येतं. यात आजी हाडाने जात नाही. ती अंथरुणाला खिळण्याने जाते: न्यूमोनिया, पाठीची जखम, लघवीचा जंतुसंसर्ग, गुठळी, खाणं तुटणं. म्हणूनच ऑपरेशन शक्यतो 48 तासांच्या आत आणि दुसऱ्याच दिवशी उठवून बसवणं, याला एवढं महत्त्व. घरचे म्हणतात, ‘या वयात कशाला कापाकापी, पडून राहू दे.’ पडून राहणंच त्यांच्यासाठी जास्त धोक्याचं आहे, हे मराठीत, त्यांच्या शब्दांत सांगायची जबाबदारी बऱ्याचदा सिस्टरवर येते. दर दोन तासांनी कूस, टाचा उशीच्या पुढे अधांतरी, पाणी हाताशी. मागच्या बाजूने सांधा बदलला असेल तर खुबा 90 अंशांपेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही. म्हणजे घरी पाट, चूल आणि उकिडवं बसायचा संडास, तिन्ही काही महिने बंद. खुर्चीच्या संडासाची सोय डिस्चार्जच्या दिवशी नाही, ऑपरेशनच्या आधी विचारा. आणि एवढ्याशा घसरण्याने हाड मोडलं याचा अर्थ ते आधीच विरळ झालेलं होतं. हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. त्याचा उपचार सुरू झाला नाही तर वर्षा-दोन वर्षांत दुसरा खुबा घेऊन आजी परत येतात.

दुखापतीविना होणाऱ्या हाडांच्या रोगांत आपल्याकडे क्षय विसरून चालत नाही. पाठदुखी रात्री वाढते, संध्याकाळी कसकस, वजन उतरलेलं, आणि पाय जड पडू लागलेत, तर मणक्याच्या क्षयाचा विचार. कंबरदुखीच्या कुठल्याही रुग्णाला लघवी अडकली किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला तर ती इमर्जन्सी, ओपीडीची रांग नाही. सांधेदुखीत सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो ते विचारा. अर्ध्या तासाच्या आत सुटत असेल तर बहुधा झीज. तासाहून जास्त, दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना सूज, तर रुमॅटॉइड संधिवात. त्यातल्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदाच असतात. रोज घेतल्या तर जीव जाऊ शकतो. वार ठरवून द्या, कॅलेंडरवर खूण करून द्या, घरातल्या वाचता येणाऱ्या माणसाला सांगा.

घरी जाताना

कुबड्यांचं वजन हातांवर, काखेत नाही. काख आणि कुबडीच्या मध्ये दोन-तीन बोटांची जागा आणि कोपर जरासं वाकलेलं. काखेवर रेललं की तिथले मज्जातंतू दबून हात लुळा पडतो. पायऱ्या चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. वॉर्डाबाहेरच्या पायऱ्यांवर एकदा करून घ्या. कोपराची दुखापत असेल तर मालिश आणि जोर लावून हात सरळ करणं साफ मना करा. तालमीतले वस्ताद आणि घरची मोठी माणसं प्रेमानेच चोळतात, पण चोळलेल्या त्या स्नायूत नवं हाड धरतं आणि कोपर कायमचं आखडतं. व्यायाम रुग्णाने स्वतःच्या ताकदीने करायचा.

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत छापलेलं असतं, ते घरी कुणी वाचत नाही. मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत, नाहीतर कन्नडमध्ये, मोठ्या अक्षरांत लिहून द्या: बोटं निळी, गार किंवा बधिर पडली, गोळीने न थांबणारी वेदना आली, प्लास्टरमधून वास किंवा पाणी आलं, ताप आला, धाप लागली, तर तारखेची वाट बघायची नाही. रात्र असेल तर 108.